खानदानी चरबी

"डॉक्टरशी बोलायचं मनजे काय वाघाशी बोलायचंय का? दहा मिनटांत तिला पटवून, गोळी-बिळी न घेता माघारी येतो का न्हाई बग!"

पाथरीच्या दिनकररावांनी आरशासमोर मिशा विंचरत ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला घरात त्यांच्या बायकोशिवाय, म्हणजे तानुबाईंशिवाय कुणी नव्हतं. तरी आवाज असा लावला होता, की समोर बाजार समितीच्या निवडणुकीची सभाच भरलीय!

दिनकररावांचं पोटच बोलण्यावर होतं. पाथरीत त्यांचं कृषी सेवा केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. शेतकरी कपाशीचं करपलेलं पान घेऊन दुकानात आला, की दिनकरराव पानाकडे नंतर बघायचे, आधी माणसाकडे बघायचे.

"मागल्या आठवड्यात काय फवारलंस?"

"काहीच न्हाई, काका."

"खोटं बोलू नको! दोन औषधं एका पंपात कालवलीस. हे पान बोंबलून सांगायलंय!"

शेतकरी गार! सल्ला देणाऱ्याशी खोटं बोललं की पिकाचं वाटोळं होतं, हे दिनकरराव गेली तीस वर्षं गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होते. दुकानात या अर्थाची पाटीसुद्धा लावणार होते. राहून गेली.

आता मात्र खुद्द त्यांचंच पान डॉक्टरच्या हातात जायचं होतं. झालं असं, की बाजार समितीत मोफत आरोग्य शिबिर भरलं. रक्त द्या, मग नाश्ता घ्या, अशी सोय होती. दिनकरराव नाश्त्यासाठी रक्त देऊन आले. चार दिवसांनी कागद मिळाला. त्यावर लिहिलेलं, एलडीएल कोलेस्टेरॉल दोनशे बारा!

"दोनशे बारा? कितीपैकी?" दिनकररावांनी मोठ्या उमेदीनं विचारलं.

"काका, हे मार्क नाहीत," शिबिरातली नर्स म्हणाली. "हे शंभरच्या आसपास पाहिजे. परभणीला जाऊन डॉक्टरांना दाखवा."

तर त्या परभणीच्या डॉक्टरकडे जायचा आजचा दिवस. दिनकररावांना डॉक्टरची भीती नव्हती. भीती होती ती तानुबाई बरोबर येणार याची!

कारण असं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीसाठी, राजेश्रीसाठी, स्थळं बघायला सुरुवात झाली आणि पहिली चार स्थळं फिसकटली. तेव्हा तानुबाईंनी पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला. पोरीच्या लग्नाची सुपारी फुटेपर्यंत आम्ही दोघं नवरा-बायको मटण खाणार नाही आणि तळलेलं तोंडात घालणार नाही! नवस बोलताना दिनकरराव मंदिराबाहेर चपला सांभाळत उभे होते. आत आपल्या नावानं काय कबूल झालंय, हे त्यांना नारळ फुटल्यावर कळलं.

तानुबाईंनी नवस पाळला तो असा, की सणालासुद्धा घरात कढई चुलीवर चढली नाही. दिनकररावांनीही पाळला. एकोणीस दिवस! विसाव्या दिवशी एका बियाणं कंपनीची जेवणाची मीटिंग होती, आणि ताटात मटणाचा रस्सा असा लालभडक हसत होता, की त्याला नाही म्हणणं म्हणजे कंपनीचा अपमान! शिवाय नवस तानुबाईंनी बोललेला. त्यावर आपली सही कुठंय? हा मुद्दा दिनकररावांनी स्वतःशीच मांडला आणि स्वतःच एकमतानं मंजूर केला. तेव्हापासून घरात ते भाकरी-वरणावरचे संत होते, आणि बाहेर… बाहेरचं येईलच पुढं.

*

डॉक्टर नीलम मॅडम पस्तिशीच्या असतील. त्यांना बघून दिनकररावांना हायसं वाटलं. एवढीशी पोरगी! राजेश्रीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. हिला आपण बोलण्यात असं गुंडाळू, की हीच आपल्याला गोळ्या परत मागेल! त्यांनी रिपोर्ट काढून ऐटीत पुढं धरला.

"काका, उलटा आहे," मॅडम म्हणाल्या आणि सरळ करून वाचू लागल्या. मग विचारलं, "जेवणात काय काय असतं?"

"ज्वारीची भाकर. वरण. पालेभाजी," दिनकरराव शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

"तळलेलं?"

शेजारच्या खुर्चीत तानुबाई बसल्या होत्या. त्यांनीच मोठ्या अभिमानानं उत्तर दिलं, "दोन वर्षं झाले बाई, घरात तळण न्हाई. नवस हाय आमचा!"

"अरे वा! आणि मांसाहार?"

"शिवत न्हाईत!" तानुबाई.

"काका, बाहेर काही खाता? हॉटेलात, कामावर?"

आता दिनकरराव मधेच थांबले असते, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तानुबाई त्यांच्याकडे अशा श्रद्धेनं बघत होत्या, जसं काही ते पोखर्णीच्या गाभाऱ्यातच बसलेत!

"बाहेर? छे! बाहेर तं मी च्या सोडून कशालाच हात लावत न्हाई."

"व्यायाम?"

"रोज पाच किलोमीटर चालतो!"

खरं तर दुकानासमोर लावलेल्या गाडीपर्यंत ते रोज चालायचे. ते अंतर बारा पावलं भरायचं. पण एकदा गाडी उताराला लागली की ब्रेक कोण लावतो!

मॅडमचा पेन थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. झालं! पटलं! दिनकररावांनी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला. गोळी वाचली!

"काका," मॅडम गंभीर होऊन म्हणाल्या, "इतकं कडक पथ्य, वर पाच किलोमीटर चालणं, आणि तरीही दोनशे बारा! मग हे खाण्यातून आलेलं दिसत नाही. हे रक्तातूनच आलेलं असू शकतं. आनुवंशिक. खानदानी म्हणा ना. तुमचे वडील कशानं गेले?"

"पडले."

"छातीत दुखून पडले?"

"न्हाई. फांदी मोडून पडले. चिंच झोडायलेते."

"बरं. भावाबहिणींपैकी कुणाला हृदयविकार?"

"धाकटा भाऊ हाय पोखर्णीला, भागवत. त्याला काहीच न्हाई. काम बी न्हाई."

"तरी त्यांचं रक्त तपासून घ्या. मुलीचंही. घरात असं असेल तर लवकर कळलेलं बरं. आणि तुम्हाला आजपासून गोळी. तुम्ही सांगताय ते बघता मात्रा जरा जास्तच लागेल."

दिनकररावांच्या मिशीचा पीळ सुटला. "बाई, गोळी एकदा लागली की सुटत न्हाई, असं मनतेत?"

"तुम्हाला चष्मा आहे का?"

"हाय. पण लावत न्हाई."

"म्हणून रिपोर्ट उलटा धरला होता. चष्मा लागतो तेव्हा डोळ्यांना गरज असते म्हणून लागतो ना? तसंच हे. गरज आहे तोवर घ्यायची."

"गोळीनं पाय दुखतेत मनतेत."

"काही जणांचे दुखतात. तुमचे दुखले तर मला फोन करा, आपण बदलू. पण मनानं बंद करायची नाही."

"मंग मात्रा तरी कमी द्या. आमीबी शेतकऱ्याला आदी कमीच देतो."

"कमी दिली असती. पण काका, तुमचं पथ्य फारच चांगलं आहे हो!"

दिनकरराव गोळी टाळायला गेले होते. येताना जास्तीच्या मात्रेची गोळी आणि वर अख्खं खानदान घेऊन आले.

*

घरी आल्यावर त्यांनी भागवतला फोन केला. खरं तर फोन करायला नको होता. भागवत म्हणजे बिनतारी लाऊडस्पीकर!

"भागवत, घाबरू नको. डॉक्टर मनली की माझं हे कोलेस्टेरॉल खानदानी असंल. तवा तू रक्त तपासून घी."

"खानदानी? मनजे जहागिरीसारखं?"

"अरे रक्तातून येतंय!"

"रक्तातून!" भागवतचा आवाज बसला. "दादा… तुमी आराम करा. दगदग करू नका. मी बगतो बाकीचं."

भागवतनं बाकीचं बघितलं ते असं, की पाच मिनिटांत भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या खानदानात रक्ताचा आजार निघाला आहे. दादांना डॉक्टरांनी सांगितले आहे. तरी सर्वांनी तपासणी करावी.' खाली हात जोडलेल्या माणसांची रांग!

पहिल्या निम्म्या ओळीतच अर्ध्या भावकीनं दिनकररावांना पोहोचवून टाकलं. फोन सुरू झाले. कुणी म्हणालं पुण्याला न्या, कुणी म्हणालं आता कुठं न्यायचं! दुसऱ्या दिवशी माणसं भेटायला येऊ लागली. येताना कुणी पेढे आणले, कुणी घरच्या तुपातले बेसनाचे लाडू आणले. पलंगावर बसलेल्या दिनकररावांच्या उशाशी ते रचून ठेवले, आणि हळहळत सगळ्यांनी स्वतःच खाल्ले. एका चुलत काकानं तर त्यांचा हात हातात घेऊन दहा वर्षांपूर्वीच्या बांधाच्या भांडणाची माफी मागितली. दिनकररावांनी केली माफ. खरं तर बांध दिनकररावांनीच कोरला होता. पण माणूस एवढा रडत होता, की त्याला अडवणं बरं दिसेना.

इथपर्यंत दिनकररावांना थोडी मजाच वाटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढं कौतुक त्यांचं लग्नातही झालं नव्हतं!

तिसऱ्या दिवशी मात्र बन्सीधररावांचा फोन आला.

बन्सीधरराव म्हणजे होऊ घातलेले व्याही. देवगाव फाट्याजवळचे. त्यांच्या मुलाचं, जीवनचं, आणि राजेश्रीचं जमत आलं होतं. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत, माणसं पसंत, फक्त सुपारी फोडायची राहिलेली. ती येत्या महिन्यात ठरली होती. बन्सीधररावांची सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलेली. आता निवृत्त झाले होते, पण नजर तीच! पाहुण्यांच्या घरी गेले तरी माणसाचे आधी दात बघायचे.

"दिनकरराव, राम राम. ते ग्रुपवरचं आमच्यापर्यंत आलंय," ते फोनवर सावकाश म्हणाले. "माणूस मनून तुमी लाखात एक. पण बगा, वळू घेताना बी आमी तीन पिढ्यांची चौकशी करतो. रक्तात काही असंल तं पुढं वासरात उतरतंय. राग मानू नका. सुपारीचं जरा थांबू."

"आवो पण बन्सीधरराव, तसला आजार न्हाई तो!"

"मंग कसला हाय?"

दिनकररावांनी तोंड उघडलं. समोर तानुबाई निवडायला मेथी घेऊन बसल्या होत्या. दिनकररावांनी तोंड मिटलं.

"सांगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी राजेश्री शाळेतून आली. मानवतच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. झालेलं तिला जीवननं आधीच कळवलं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. तिनं रक्त तपासणाऱ्या लॅबला फोन लावून माणूस घरी बोलावला आणि हात पुढं केला. सुई टोचताना बापाकडे बघून म्हणाली, "आप्पा, काळजी करू नका. माझ्यातबी निघालं तं मी जीवनला स्वतः सांगीन. लपवून लग्न करायचं न्हाई मला."

एवढंच! पण दिनकररावांना ती सुई आपल्याच काळजात गेल्यासारखी वाटली. दंडाला कापूस दाबून पोर स्वयंपाकघरात गेली आणि हे पलंगावर बसून राहिले. उशाशी लाडू होते. त्यांना हात लागला नाही, यावरून परिस्थिती ओळखा!

लॅबचा माणूस सामान आवरत होता तेवढ्यात तानुबाईंनी पदर खोचून हात पुढं केला. "माझंबी घ्या रक्त. आलाच हाव तर."

"काकू, तुमचं कशाला? तुम्ही यांच्या रक्ताच्या नाही."

"तीस वर्षं यांच्यासंगं राहिलेय. काय लागलं असंल ते कळू द्या."

*

आठवड्यानं सगळे परभणीत मॅडमच्या केबिनमध्ये. दिनकरराव, तानुबाई, राजेश्री, भागवत, आणि खुद्द बन्सीधरराव! "मला डॉक्टरच्याच तोंडून ऐकायचंय," असा त्यांचा आग्रह होता. ते खुर्चीत बसले, खिशातून पान-सुपारीची पिशवी काढली, भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघितलं आणि म्हणाले, "म्हशीचं याच्या दुप्पट असतंय."

"काका, तुमच्या तब्येतीचं मी या सगळ्यांसमोर बोलू का?" मॅडमनी विचारलं.

रात्रभर… नाही, रात्रभर कसलं, गाडी काढल्यापासून ते मनात वाक्य जुळवत होते. डॉक्टरला एकटीला गाठावं, कानात सांगावं, असं ठरवलं होतं. पण समोर राजेश्री बसली होती. दंडावर सुईची निळी खूण अजून होती.

"बोला बाई. पण आदी मला बोलू द्या," ते उभे राहिले. "ते मागल्या खेपेला मी खाण्याचं सांगितलं, त्यात एक दुरुस्ती हाय."

"सांगा."

"एखादं भजं व्हतंय कदी."

मॅडमनी पेन उचलला. "एखादं म्हणजे?"

"प्लेट."

"कधी?"

"अकराला. दुकानावर."

"रोज?"

"बुधवार सोडून."

"बुधवारी नाही?"

"बुधवारी कचोरी असती."

तानुबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. नेहमीच्या गाडीत अनोळखी प्रवासी बसलेला दिसावा, तशी नजर!

"आणि मांसाहार?"

"आयतवारी. शेतावर. आमी चौघं असतो," दिनकरराव जमिनीकडे बघत म्हणाले.

"चौघांत किती?"

"दोन किलो. पण बाकीचे तिघं कमी खातेत."

भागवत खोकला. त्या बाकीच्या तिघांत एक तो होता!

"आजून सांगतो," दिनकररावांना आता थांबता येईना. धरणाचं दार उघडावं तसं झालं. "कदी कलेजी. कदी भेजा. पाथरीला संध्याकाळी गरम बालुशाही निघती, ती बी. दुधावरची साय मांजर खातंय असं घरात बोललो व्हतो… मांजर दोन वर्षांखालीच गेलं. आन् मी पाच किलोमीटर चालत न्हाई. बारा पावलं चालतो. आमच्या रक्तात काही दोष न्हाई बाई! खानदान सोन्यासारखं हाय! मीच तेवढा खातो!"

आणि ते मटकन खाली बसले.

राजेश्रीनं ओढणी तोंडाला लावली. रडतेय असं वाटून दिनकररावांनी बघितलं, तर पोरगी हसू दाबत होती! आणि बन्सीधररावांचा चेहरा तर उजळलाच.

"मनजे रक्ताचा दोष न्हाई! दाणावैरणीचा दोष हाय!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "डॉक्टरीणबाई, बरोबर ना?"

मॅडमनी बाकीचे कागद उघडले. भागवतचं कोलेस्टेरॉल ठीक. राजेश्रीचं तर अगदी छान. "घरात आनुवंशिक असल्याची काही खूण दिसत नाही," त्या म्हणाल्या. "काका, तुमच्या दुकानात शेतकऱ्यानं चुकीचं फवारलं आणि तुम्हाला खोटंच सांगितलं, तर तुम्ही काय करता?"

"शिव्या देतो."

"मी फक्त विचारलं हो," मॅडम हसल्या.

"मंग गोळी बंद?" दिनकररावांनी आशेनं मान वर केली. एवढी अब्रू गेली, गोळी तरी जाईल!

"गोळी राहणार. दोनशे बारा हा आकडा नुसत्या पथ्यानं पुरेसा उतरेल असं नाही. शरीर स्वतःसुद्धा कोलेस्टेरॉल तयार करतंच. पण मात्रा निम्मी करते. भजी, कचोरी, भेजा बंद. चालायचं, खरंखुरं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू."

इतकं खरं बोलून काय मिळालं? अर्धी गोळी!

पण बन्सीधररावांना आता दम निघत नव्हता. त्यांनी पिशवीतून अडकित्ता काढला, एक अख्खी सुपारी त्यात धरली आणि केबिनमध्येच कट्टदिशी फोडली. "घ्या! फुटली सुपारी! घराणं निर्दोष हाय. सासराच तेवढा खोटा हाय, पण तो काय आमच्या घरी नांदायला येत न्हाई!"

अर्धं खांड त्यांनी दिनकररावांच्या हातावर ठेवली. भागवतनं तिथंच फोटो काढून ग्रुपवर टाकला. राजेश्री फोन घेऊन बाहेर पळाली. कुणाला लावायला, ते सांगायला नको. दिनकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा म्हणून गेलो, पण बाप म्हणून वाचलो, असं त्यांना वाटलं.

"एक रिपोर्ट राहिलाय," मॅडम म्हणाल्या. "तानुबाई कोण?"

"मी," तानुबाई म्हणाल्या. मघापासून त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द.

"काकू, तुमचं एलडीएल एकशे अठ्ठ्याऐंशी आहे."

दिनकररावांनी चमकून बायकोकडे बघितलं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या मिशीखाली एक पापी आशा हलली. म्हणजे ही पण…?

"तुम्ही काय खाता काकू?"

"भाकर, वरण, पालेभाजी," तानुबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून कुणालाच शंका आली नाही. दिनकररावांची आशा जागीच मेली.

"होतं असं," मॅडम समजावू लागल्या. "पाळी गेल्यावर बायकांचं वाढतं. कधी थायरॉईडमुळे वाढतं. आधी ते तपासू, मग गोळीचं ठरवू. तोवर तळलेलं, मटण टाळायचं."

तानुबाईंनी पदर सावरला. मग बन्सीधररावांकडे वळल्या. "दादा, सुपारी फुटली ना आत्ता?"

"फुटली की!"

"मनजे नवस फिटला माझा."

"फिटला!"

त्या मॅडमकडे वळल्या. "मंग बाई, आता मी खाऊ काय?"

"भाकरी, वरण, पालेभाजी," मॅडम म्हणाल्या.

"ते तं मी दोन वर्षांपासून खायलेय!"

मॅडमनी पेन खाली ठेवला. एवढी शिकलेली बाई, पण यावर त्यांच्या पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. "महिन्यातून एखाद्या वेळी एक-दोन भजी चालतील, काकू," त्या हळूच म्हणाल्या.

*

परतीच्या गाडीत दिनकरराव आणि तानुबाई दोघंच होते. राजेश्री मागून जीवनबरोबर येणार होती. तो देवगाव फाट्यावरून निघून परभणीत पोहोचलासुद्धा! दिनकररावांनी आयुष्यात पहिल्यांदा वीस मिनिटं तोंड बंद ठेवलं. शिव्या येतील म्हणून ते वाट बघत होते. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. मानवत रोड मागं पडलं तरी तानुबाई खिडकीबाहेरच्या तुरीकडे बघत होत्या.

मग एकदम म्हणाल्या, "आवो."

"हं?"

"मिरचीचं भजं आजून तसंच लागतंय का वो?"

दिनकररावांना उत्तर येत होतं. सविस्तर येत होतं. पण ते देण्याची हिंमत झाली नाही. पुढं रस्त्याकडेला एक पत्र्याचं हॉटेल दिसलं, कढईतून वाफा निघत होत्या. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

तानुबाई बाकड्यावर बसल्या. हॉटेलवाल्याला म्हणाल्या, "दोनच द्या. मोजून."

प्लेट आली. त्यांनी पहिलं भजं हातात धरून थोडा वेळ नुसतं बघितलं, फुंकर घातली, मग डोळे मिटून चावा घेतला. मिरची तिखट असावी. डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या थांबल्या नाहीत. दिनकरराव समोर उभे. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या भज्याला हात लागला तेव्हा हॉटेलवाल्यानं झारा वर करून विचारलं, "काका, तुमाला किती घालू?"

तानुबाईंनी घास गिळला, पदरानं ओठ पुसले आणि नवऱ्याकडे न बघताच सांगितलं, "त्यांना नका घालू. त्यांचं खाऊन झालंय."